यंत्राच्या पोटातले नाव

सुरतेचा किल्ला खुदावंतखानाने बांधला असे आपण शाळेत शिकतो आणि पुढे शिक्षक झालो की तेच शिकवतो. गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या अमदानीत, १५४० नंतरच्या काही वर्षांत, पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून बंदराचे रक्षण व्हावे म्हणून तापीच्या काठी हा किल्ला उभा राहिला. आता खुदावंतखानाने त्यातला एक तरी दगड स्वतःच्या हाताने उचलला असेल काय? अर्थातच नाही. दगड घडवणारे, चुना मळणारे, बुरुजाची वळणे साधणारे हात वेगळेच होते. पण इतिहासाची एक जुनी खोड आहे. ज्याने पैसा दिला त्याचे नाव तो दर्शनी भागावर लिहितो आणि ज्याने वस्तू केली त्याला कोपऱ्यात ढकलतो. म्हणूनच, वाचकहो, कोपऱ्यांकडे पाहायची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

हा विषय माझ्या डोक्यात घोळू लागला तो नववीच्या वर्गातल्या एका प्रश्नामुळे. शिलालेख आणि ताम्रपट ही इतिहासाची साधने, असे मी नेहमीप्रमाणे सांगत होतो. एका मुलाने विचारले, "सर, गेमच्या आतपण असे लेख असतात. ते साधन धरायचे का?" वर्ग हसला. मी मात्र त्याच्याकडून नीट समजून घेतले आणि पुढचे काही महिने जमेल तेवढे वाचले. जे हाती आले ते आपल्या इतिहासाशी इतके जवळचे निघाले, की आपल्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्या घरांपुढे ते मांडावेसे वाटले.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १९७० नंतर तिथे नाणे टाकून पडद्यावर खेळायची यंत्रे निघाली. अटारी ही त्यातली मोठी कंपनी. एकेक खेळ बहुधा एकच माणूस रचत असे. चित्रे, हालचाली, आवाज, नियम सगळे त्या एकाचे. पण खेळावर त्याचे नाव घालायची कंपनीची तयारी नव्हती. नाव बाहेर पडले तर दुसरी कंपनी माणूस पळवील ही धास्ती. या वागणुकीला कंटाळून १९७९ साली अटारीतल्या चार रचनाकारांनी बाहेर पडून अ‍ॅक्टिव्हिजन नावाची कंपनी काढण्यात भाग घेतला आणि खेळासोबत रचनाकाराचे नाव छापायला सुरुवात केली.

वॉरन रॉबिनेट या तरुणाने वेगळा मार्ग काढला. तो 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचा, घरी दूरचित्रवाणीला जोडून खेळायचा खेळ रचत होता. त्याने त्यात कोणालाही न सांगता एक गुप्त खोली केली. एका किल्ल्याच्या चक्रव्यूहात पार्श्वभूमीच्याच रंगाचा, तिळाएवढा ठिपका ठेवला. तो ठिपका सापडून योग्य जागी नेला तरच वाट उघडे, आणि आत गेल्यावर रंग बदलणाऱ्या अक्षरांत लिहिलेले दिसे, की हा खेळ वॉरन रॉबिनेटने केला. खेळासाठी सगळी मिळून जागा चार किलोबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलवरच्या एका छायाचित्राच्या तुलनेत काहीच नाही. त्या चिमूटभर जागेतला सुमारे पाच टक्के भाग त्याने आपल्या नावासाठी खर्च केला. पुढे तो नोकरी सोडून गेला आणि खेळ लाखोंनी विकला गेला. मग एका शाळकरी मुलाने कंपनीला पत्र लिहून ही खोली कळवली. ती पुसायची तर यंत्राचा साचा नव्याने करावा लागणार, खर्च सुमारे दहा हजार डॉलर. स्टीव्ह राइट या अधिकाऱ्याने म्हटले, राहू द्या. ईस्टरच्या सणाला मुले लपवलेली अंडी शोधतात तशी ही गंमत समजा. तेव्हापासून अशा लपवलेल्या मजकुराला 'ईस्टर एग' म्हणतात. कारागिराचे गाऱ्हाणे होते, त्याची धन्याने गंमत केली. जगाची रीतच अशी.

याच्याही आधीचा एक दाखला फार उशिरा सापडला. १९७७ सालच्या 'स्टारशिप १' या नाण्याच्या यंत्रात, ठरावीक क्रमाने कळा चालवल्या तर पडद्यावर 'हाय रॉन!' अशी अक्षरे उमटत आणि दहा खेळ फुकट मिळत. रॉन म्हणजे त्याचा रचनाकार रॉन मिलनर. ही गोष्ट चव्हाट्यावर आली २०१७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. चाळीस वर्षे लोक त्या यंत्रात नाणी टाकत होते, आणि यंत्र आपल्या कर्त्याला नमस्कार करायला पोटात शब्द धरून बसले होते.

आता आमच्या मुलाच्या आवडीच्या यंत्राकडे येऊ. सुरतेच्या मॉलमध्ये गेलात तर खेळांच्या दालनात एक चौथरा दिसेल. त्यावर चार बाण, समोर पडदा. गाणे लागते, पडद्यावर बाण सरकू लागतात आणि ठेक्यावर नेमका त्याच बाणावर पाय पडला तर गुण मिळतात. हा प्रकार जपानच्या कोनामी कंपनीने रूढ केला. १९९७ साली हातांनी वाजवायचे 'बीटमेनिया' आणि १९९८ साली पायांनी खेळायचे 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'. आत काय असते? एकीकडे गाणे आणि दुसरीकडे त्या गाण्याच्या कोणत्या मात्रेला कोणता बाण याची यादी. आपल्याकडे तबल्याचा ठेका मात्रा, सम, काल दाखवून कागदावर मांडतात ना, तसलाच तो कागद, फक्त आकड्यांत लिहिलेला.

अशा यंत्रांची साठवण उघडून पाहणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांना आत काय सापडते ते ऐकण्यासारखे आहे. कधीच न वाजलेली गाणी, कधीच न दिसलेली चित्रे, चाचणीसाठी केलेले पडदे, अर्धवट सोडलेले ठेके, आणि क्वचित रचनाकारांनी आपसांत किंवा पुढे कधी कोणी उघडून पाहील त्याच्यासाठी लिहिलेल्या ओळी. हे आत राहते कसे? कारण साधे आहे. गाण्याचे हक्क मिळाले नाहीत किंवा वेळ पुरला नाही म्हणून गाणे गाळायचे ठरते. पण ते खरोखर उपटून काढले तर बाकीच्यांचे क्रमांक हलतात आणि सगळे यंत्र पुन्हा तपासावे लागते. तेव्हा फक्त तिथे जायची वाट बंद करतात. वाड्यातल्या खोलीचे दार विटांनी बुजवावे आणि आतला पलंग, कोनाडा, दिवा तसाच राहावा, तशातली गत. यंत्रे जुनी होऊन भंगारात जातात, आतले तुकडे निकामी होतात. त्याआधी त्या खोल्यांची नोंद व्हावी म्हणून ही मंडळी धडपडतात.

म्हणजे पोटात दोन प्रकारचा ऐवज असतो. एक, कर्त्याने जाणूनबुजून ठेवलेली सही. दुसरा, कोणाच्या मनात नसताना उरलेला अवशेष. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करायला घेतली, तेव्हा बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर त्यांनी भर दिला तो याच कारणाने. बखर लिहिणाऱ्याला ठाऊक असते की आपण इतिहास लिहितो आहोत. 'दाणा संपला, घोडी बसली, लवकर रवाना करणे' असे लिहिणाऱ्या कारकुनाला ते ठाऊक नसते. म्हणून त्याच्यावर विश्वास अधिक.

सहीचा आपला सर्वांत सुंदर नमुना रायगडावर आहे. जगदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे. त्यात महाराजांचे नाव आहे, शके १५९६ हा काळ आहे, गडावर काय काय बांधले त्याचे वर्णन आहे आणि ते हिरोजीने उभारले असाही उल्लेख आहे. तो दरबारी लेख. विद्वानांनी वाचावा, पिढ्यान्‌पिढ्या राहावा अशा थाटाचा. पण मंदिराच्या पायरीवर दुसरा एक लहानसा लेख आहे. 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर'. हा इटळकर म्हणजेच आपण ज्याला हिरोजी इंदुलकर म्हणून ओळखतो तो. वर संस्कृत, पायरीवर मराठी. वर राज्याचा गौरव, खाली एका माणसाचे मनोगत. आणि जागा कोणती, तर येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय जिथे पडतो ती. आमच्यासारख्या दोन भाषांच्या मुलखातल्या माणसाला यातली खूण चटकन पटते. जाहीर बोलायची भाषा एक आणि मनातले लिहायची भाषा दुसरी, हा आपला रोजचा अनुभव आहे.

याच्याही मागे जाऊ. आपला हा लाट देश, म्हणजे भडोच, सुरत, नवसारीचा पट्टा, नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या एका शाखेकडे होता. त्या शाखेतला कर्क सुवर्णवर्ष याचा शके ७३४ चा, म्हणजे इसवी सन ८१२-१३ चा ताम्रपट वडोद्याला सापडला. दान दिल्याचा तो दस्तऐवज. पण पूर्वजांची थोरवी सांगताना त्यात कृष्णराजाने एलापूर म्हणजे वेरूळ येथे करवलेल्या मंदिराचे वर्णन येते. हेच आपले कैलास लेणे असे अभ्यासक मानतात. आकाशातून जाणारे देव ते पाहून चकित झाले, इथपर्यंत नेहमीची राजस्तुती. पण पुढे असा आशय आहे, की ज्याने ते घडवले त्या शिल्पकारालाच नवल वाटले, हे माझ्या हातून कसे झाले म्हणून. मराठी मुलखातल्या लेण्याची ही साक्ष गुजरातेत, तांब्याच्या पत्र्यावर जपली गेली. शिल्पकाराचे आश्चर्य टिकले. नाव मात्र तिथे नाही.

आणि अवशेषाचा नमुना हवा असेल तर अजिंठ्याचे चोविसावे लेणे पाहावे. मोठ्या विहाराची आखणी होती, काम अर्ध्यावर थांबले. प्रवासी तिथे फार रेंगाळत नाहीत. चित्रे नाहीत, मूर्तींची दाटी नाही. पण लेणे कसे खोदत हे ज्याला पाहायचे असेल त्याने तिथेच जावे. आधी समांतर चर खणायचे, मधला दगड भिंतीसारखा उभा ठेवायचा आणि मग तो फोडून काढायचा, ही सगळी रीत तिथे उघडी पडलेली आहे. पुरी झालेली लेणी आपली रीत गुळगुळीत करून झाकून टाकतात. न झालेले लेणे ती सांगते. यंत्रातल्या न वाजलेल्या गाण्याचे मोल तेच.

गाण्यात मात्र कर्त्याला आपल्याकडे कधी लपावे लागले नाही. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येते, 'नामा म्हणे' येते. अठराव्या शतकात दिल्लीच्या मुहम्मदशहाच्या दरबारातल्या नियामतखानाने आपल्या ख्यालांत 'सदारंग' ही मुद्रा घातली आणि आजही गायक तालात ती म्हणतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानने ध्वनिमुद्रिकेसाठी गायले तेव्हा शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगितले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या माणसांना कोण गाते आहे हे कळावे, हा त्यामागचा व्यवहार. पण त्या व्यवहारामुळे एक बाई शंभर वर्षांनंतरही आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगते आहे.

ज्याला मुद्रा घालता आली नाही असा कारागीर पाहायचा तर सुरतेबाहेर जायला नको. या यंत्रविद्येच्या मुळाशीच तो आहे. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ जाकार याने १८०४ च्या सुमारास मागाला पुठ्ठ्याची भोके पाडलेली पाने जोडली. भोक असेल तिथे ताणा उचलला जाई, नसेल तिथे नाही. नक्षी विणकराच्या डोक्यातून निघून पुठ्ठ्यात गेली. तीच युक्ती पाहून इंग्लंडमध्ये बॅबेजने आपल्या गणनयंत्राला अशी पाने जोडायची योजना केली. अमेरिकेत होलरिथने १८९० च्या जनगणनेला भोकांची कार्डे वापरली आणि पुढे संगणक कित्येक वर्षे तसल्याच कार्डांवर चालला. सुरतेच्या खात्यांत ज्याला आपण जेकार्ड म्हणतो ते हेच. म्हणजे नाचाच्या यंत्रातली बाणांची यादी आणि साडीच्या पदरावरची कोयरी ही चुलत भावंडेच म्हणायची.

पण त्या पदरावर नाव कोणाचे? किनारीवर गिरणीचे नाव असते, व्यापाऱ्याचा शिक्का असतो. बारा तास लूमपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे नसते. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली आपली किती घरे आहेत ते मी सांगायला नको. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीत बसून माणसे आली, त्यांच्या शेजारच्या मागावर ओडिशाचा माणूस, पलीकडे उत्तर प्रदेशचा. खात्यात सगळ्यांना एकच नाव, कारीगर. जाकारच्या पुठ्ठ्यात रॉबिनेटसारखी गुप्त खोली करायची सोय नव्हती. धागा चुकला तर ताका नापास.

मग या माणसांचे लेख कुठे शोधायचे? मला एक जागा माहीत आहे, कारण माझी नोकरीच तिथे आहे. शाळेचे जनरल रजिस्टर. नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, कारण आणि शेवटी 'शेरा' नावाचा अरुंद रकाना. आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरांत रकान्यांचा मजकूर गुजरातीत आहे, कारण कारभाराची भाषा ती. पण शेरे बहुतेक मराठीत आहेत. लिहिणारा शिक्षक घाईत असे, आणि घाईत माणूस घरची भाषा लिहितो. 'वडील रात्रपाळीला, उशीर माफ.' 'आजीकडे शिरपूरला ठेवला.' 'फी बाईंनी भरली.' रायगडच्या पायरीची आठवण व्हावी असा तो रकाना आहे.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आल्याची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. मी तेव्हा शिक्षकी पेशात नवा होतो. त्या साथीवर पुढे पुष्कळ अहवाल झाले. पण त्या वर्षीच्या रजिस्टरचे पान काढले तर शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईत ओळीने 'गावी गेला', 'गावी गेली' आहे. आणि त्यापुढे काही नावांसमोर लाल शाईत 'परत' आणि तारीख. सगळ्यांसमोर ते 'परत' नाही. एका शहराचा तो श्वास आहे, आत गेलेला आणि अर्धामुर्धा बाहेर आलेला. लिहिणाऱ्या गुरुजींना आपण इतिहास लिहितो आहोत असे स्वप्नातही वाटले नसेल. म्हणून तर तो इतिहास.

आता जुनी रजिस्टरे संगणकावर चढवायचे काम चालू आहे. काम चांगलेच आहे. २००६ च्या पुरात खालच्या फळीवरच्या दोन वह्यांची शाई पसरली ती मी पाहिली आहे, तेव्हा कागदाच्या भरवशावर राहू नये हे मला मान्य आहे. पण वरून आलेल्या नमुन्यात शेऱ्याला रकाना नाही. कारणाच्या जागी चारपाच ठरलेल्या शब्दांतून एक निवडायचा. 'गावी गेला' म्हणजे 'स्थलांतर', आणि लाल 'परत' म्हणजे काहीच नाही. माहिती चढवली की मूळ वह्या मोकळ्या करा, जागा अडते, असेही सुचवले जाते. त्यात मराठी माध्यमाच्या वर्गांत मुले कमी होत चालली आहेत. आईबापांना गुजराती किंवा इंग्रजी माध्यम बरे वाटते आणि पोटाचा विचार करता त्यांना दोष देता येत नाही. पण त्यामुळे हे रजिस्टर असे आहे, की याच्यापुढे नवे पान फारसे लागणार नाही.

वह्या मोकळ्या करायला मी नकार कळवला आहे. काय होते ते पाहू; माझी निवृत्ती फार दूर नाही आणि माझ्या जागी येणाऱ्याला कपाट हवेच असणार. म्हणून एक उपाय आम्ही सुरू केला. नववी-दहावीची मुले आठवड्यातून एक तास रजिस्टरातले शेरे एका वेगळ्या वहीत जसेच्या तसे उतरवतात. शुद्धलेखन सुधारायचे नाही, भाषा बदलायची नाही, खोडलेले असेल तर खोडलेले लिहायचे. घरची बाब वाटावी अशा ठिकाणी नाव न लिहिता फक्त शेरा घ्यायचा, हाही नियम केला. आरंभी मुले कंटाळली. मग एकीला आपल्या काकाच्या वर्गाचे पान सापडले, तिने घरी जाऊन विचारले, आणि काकांनी प्रथमच सांगितले की १९९४ साली आपण कोणत्या गाडीने, कोणाच्या मांडीवर बसून अंमळनेरला गेलो होतो. तेव्हापासून तासाला कोणी दांडी मारत नाही.

नववीच्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर वर्गात दिले. हो, ते साधन धरायचे. मात्र साधन म्हणजे पुरावा, आणि पुरावा तपासून घ्यायचा असतो. सही असेल तर ती कोणी, कोणाला चुकवून केली ते विचारायचे. अवशेष असेल तर वाट कोणी आणि का बुजवली ते विचारायचे. जपानी यंत्राच्या पोटातले न वाजलेले गाणे असो, कर्काच्या ताम्रपटातल्या शिल्पकाराचे आश्चर्य असो की गुरुजींचे लाल 'परत' असो, प्रश्न तेच.

वाचकहो, आपल्या मुलखात प्रत्येक घरात अशी एखादी बुजवलेली खोली आहे. पंचांगाच्या पाठीवर लिहिलेली जन्मवेळ, किराणा दुकानाची मराठी-गुजराती मिसळून लिहिलेली उधारीची वही, जुन्या शिलाई यंत्राच्या खणात ठेवलेली पगाराची चिठ्ठी. दिवाळीच्या साफसफाईत हा ऐवज प्रथम रद्दीत जातो, कारण तो कशाच्याच कामाचा नसतो. यंदा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या शाळकरी पोराला तो वाचायला बसवावा. अक्षर लागले नाही तर आजोबांना विचारू द्यावे.